एम१ कार्बाइन, घरी भरलेली काडतुसं आणि शिकार: किती अंतरापर्यंत?

पायवाट
नमस्कार मंडळी,

मागच्या एका धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की एम१ कार्बाइनने खरंच शिकार होते का, आणि होत असेल तर काडतुसं घरी भरून नेमका काय फरक पडतो. तिथे दोन ओळीत भागणारं नव्हतं म्हणून वेगळा धागा काढतोय. आधीच सांगतो, हे सगळं अमेरिकेतलं आहे, तिथले नियम, सीझन, जमीनमालकाची परवानगी हे सगळं धरून. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे तिकडचा विषय इथे आणू नये ही विनंती.

ज्यांना ही बंदूक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४१ मध्ये अमेरिकन लष्कराने ही स्वीकारली. ज्या माणसाच्या हातात आधीच दुसरं काम आहे, म्हणजे ड्रायव्हर, रेडिओवाला, तोफेवरची माणसं, ऑफिसर, त्याला पिस्तुलापेक्षा लांब मारणारं आणि मोठ्या रायफलीपेक्षा हलकं काहीतरी द्यायचं हा हेतू. रिकामी असताना वजन साधारण ५.२ पौंड, म्हणजे अडीच किलोच्या आतच, आणि बॅरल १८ इंच. साठ लाखांच्या वर बनल्या, आणि बनवणाऱ्यांमध्ये टाइपरायटरवाली अंडरवुड, आयबीएम, ज्यूकबॉक्स करणारी रॉक-ओला असे सगळे होते. माझ्याकडची इनलँडची आहे, लाकूड काळवंडलंय पण बॅरल आतून स्वच्छ. दिवसभर झाडोऱ्यातून हिंडायचं असेल तर इतकी सोयीची बंदूक मी दुसरी वापरलेली नाही. खांद्याला अलगद लागते, फांद्यांत अडकत नाही, धक्का जवळजवळ नाहीच.

आता ताकदीचं बोलू, कारण इथेच लोक फसतात आणि मीही फसलो होतो. पॉइंट थर्टी कार्बाइनची, म्हणजे या बंदुकीच्या काडतुसाची, नेहमीची गोळी ११० ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप), नळीच्या तोंडाशी वेग १९९० फूट प्रति सेकंद, ऊर्जा ९६७ फूट-पौंड. १०० यार्डांवर ती ६०० उरते, २०० यार्डांवर ३७३. शेजारी आपली जुनी थर्टी-थर्टी रायफल ठेवा, १५० ग्रेनची गोळी, ऊर्जा तोंडाशी १९०० च्या आसपास, १०० यार्डांवर तेराशेच्या जवळ. म्हणजे थर्टी-थर्टीकडे १०० यार्डांवर जेवढं उरतं तेवढं कार्बाइनकडे तोंडाशीसुद्धा नसतं. हा आकडा ज्याच्या डोक्यात पक्का बसला त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझ्या डोक्यात तो बसला नव्हता. पहिल्या वर्षी मी लष्करी पद्धतीच्या, पूर्ण तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्या घेऊन मित्राच्या जमिनीवर रानडुकरांसाठी गेलो. संध्याकाळची वेळ, एक मोठं डुक्कर ऐंशी-पंच्याऐंशी यार्डांवर आडवं उभं. गोळी लागली, हे मला दिसलं, कातडी हलली, पण ते पडलं नाही, नुसतं दचकल्यासारखं केलं आणि बाकीच्यांच्या मागे झुडपात घुसलं. रक्त शोधत गेलो तर गवताच्या पात्यावर शिंपल्यासारखे चारदोन थेंब, मग वीस पावलं काहीच नाही, मग एका दगडावर एक थेंब. अंधार पडेपर्यंत शोधलं, टॉर्च लावून शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या काठाला सापडलं. गोळी आरपार गेली होती, आत जाताना जेवढं भोक तेवढंच बाहेर पडताना. जनावर रात्रभर जिवंत होतं की नाही ते मला कधीच कळणार नाही. त्या सकाळी मी ठरवलं की एकतर ही बंदूक शिकारीला न्यायची नाही, नाहीतर तिच्यासाठी योग्य काडतूस स्वतः बनवायचं आणि अंतर कमी करायचं.

दुसरं केलं. गेली सहा वर्षं मी सॉफ्ट पॉइंट (टोकाशी शिसं उघडं, लागल्यावर पसरणारी) गोळी घालून स्वतः भरतो, आणि माझी मर्यादा डुकरासाठी ६० यार्ड, हरणासाठी ५०. त्याच्या पलीकडे जनावर कितीही छान उभं असलं तरी बोट ट्रिगरवर जात नाही.

या वर्षीची गोष्ट सांगतो. पहाटे वारा तोंडावर, मी एका पडलेल्या ओंडक्यामागे बसलेलो. एक मादी, अंदाजे साठ किलोची, ४० यार्डांवर बाजू देऊन जमीन उकरत होती. पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत थांबलो. डुकराचं काळीज लोकांना वाटतं त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं, पुढच्या पायाच्या अगदी मागे, खालच्या तिसऱ्या भागात. तिथे लावली. वीस-बावीस पावलं गेली आणि बसल्यासारखी खाली गेली. उघडून पाहिलं तर फुफ्फुसात मूठभर जागा फाटलेली, आणि गोळी पलीकडच्या कातडीखाली मशरूमसारखी पसरलेली सापडली. तीच बंदूक, वेगही जवळपास तोच, फरक फक्त गोळीचा आणि अंतराचा.

प्रश्न विचारा, माझ्याकडे आहे तेवढं सांगतो. एक विनंती, पावडरचे ग्रेन मला विचारू नका, मी इथे लिहिणार नाही. ते छापील लोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यायचे.

दगडफूल
छान धागा, पायवाट. अंतराचं लिहिलंत ते फार बरं केलंत. मी सोळा-सतरा वर्षं या काडतुसाचं भरतोय, माझी थोडी भर.

घरी भरताना सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे हे काडतूस चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या खोबणीत) कशावर टेकतं. रायफलीची बरीच काडतुसं खांद्यावर, म्हणजे नळकांडं जिथे अरुंद होतं तिथे, टेकतात, याला खांदाच नाही. थोडंसं निमुळतं सरळ नळकांडं आहे आणि ते केसच्या (पितळी नळकांड्याच्या) तोंडावर टेकतं. त्यामुळे केसची लांबी इथे जीव की प्राण. जास्तीत जास्त १.२९० इंच. मी १.२८५ ला ट्रिम करतो आणि प्रत्येक केस कॅलिपरने मोजतो, प्रत्येक, दहातली एक नाही. केस लांब राहिली तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) पूर्ण फिरून लॉक होत नाही. फार आखूड झाली तर काडतूस आत सरकतं आणि फायरिंग पिनचा मार हलका पडतो.

तोंडावर टेकतं म्हणूनच क्रिंपही (गोळी पकडायला केसचं तोंड आवळणं) हलका टेपर क्रिंप. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासारखा तोंड आत वळवणारा रोल क्रिंप द्यायचा नाही, कारण मग टेकायला कडच उरत नाही. माझी पद्धत अशी की क्रिंप झाल्यावर नख गोळीवरून केसकडे ओढायचं, कडेला नख अडकलं पाहिजे. आणि मग काडतुसाचं टोक टेबलाच्या लाकडावर अंगठ्याने जोरात दाबायचं आणि परत मोजायचं, गोळी आत सरकली असेल तर क्रिंप कमी आहे. एकूण लांबी १.६८० इंचाच्या वर गेली की मॅगझिनमध्ये अडकतं.

अजून एक, कार्बाइड डाय (केस परत मापात आणणारा साचा) आहे म्हणून लूब (वंगण) लागत नाही असं लोक सांगतात. ते पिस्तुलाच्या सरळ केसचं झालं. ही केस निमुळती आहे, थोडं लूब लावाच, नाहीतर एक दिवस केस डायमध्ये अशी रुतेल की रिम तुटून हातात येईल.

मुक्कामपोस्ट
वाचतोय. इतिहासाचं एक जोडतो कारण सगळीकडे चुकीचं सांगितलं जातं. डेव्हिड मार्शल विल्यम्स याने तुरुंगात असताना बंदुका बनवल्या आणि त्याने एकट्याने ही कार्बाइन बनवली अशी कथा फिरते. यातला शॉर्ट स्ट्रोक गॅस पिस्टन (गॅसने थोडंसंच सरकून बंदूक चालवणारा) त्याचा हे बरोबर, आणि तुरुंगाच्या वर्कशॉपमध्ये त्याने काम केलं हेही बरोबर, पण कार्बाइन विंचेस्टरच्या टीमने मिळून उभी केली, विल्यम्स त्यातला एक. आणि काडतूसही कोऱ्या कागदावरून आलेलं नाही, पॉइंट थर्टी-टू विंचेस्टर सेल्फ लोडिंग नावाचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं शिकारीचं काडतूस होतं, त्यावरून काढलंय. म्हणजे मूळ बी शिकारीचंच.

खडकमाळ
माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट मांडतो, राग मानू नये. हरणासाठी ही बंदूक वापरूच नये. पायवाट यांच्यासारखा माणूस ५० यार्डांवर थांबेल, पण धागा वाचणारा दुसरा कोणी थांबेल याची खात्री काय? तुम्हीच लिहिलंत की पहिल्या वर्षी काय झालं. बाजारात हरणासाठी चांगल्या रायफली भरपूर आहेत, मग जनावराच्या जिवाशी प्रयोग कशाला.

आणि कायद्याचंही बघा. कोलोरॅडोत हरणासाठी गोळीची ऊर्जा १०० यार्डांवर १००० फूट-पौंड पाहिजे, तिथे कार्बाइन सरळ बाद. ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलीने हरीण मारता येतं, पण व्यास .३५७ पासून .५० पर्यंत, म्हणजे केस सरळ असूनही ही त्यात बसत नाही. ज्यांनी नियम केले त्यांनी काही विचार करूनच केलेत ना.

पायवाट
खडकमाळ साहेब, राग कसला, तुमचं म्हणणं मला पटतं आणि म्हणूनच ती पहिल्या वर्षाची गोष्ट लिहिली. नियमांचं तर शंभर टक्के, आपापल्या राज्याचं चालू वर्षाचं पुस्तक वाचल्याशिवाय कोणी बाहेर पडू नये. बऱ्याच राज्यांत हरणासाठी पसरणारी गोळी सक्तीची आहे, मॅगझिनमध्ये किती काडतुसं चालतात त्यालाही मर्यादा असते, कार्बाइनला पाचाचं मॅगझिन मिळतं ते त्यासाठीच. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं असलेली गोळी चालतच नाही. टेक्सासमध्ये २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुकरं मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. म्हणजे एक राज्य ओलांडलं की सगळं बदलतं.

पण वापरूच नये यावर मी थोडा अडतो. ५० यार्डांवर कार्बाइनच्या गोळीत साधारण पावणेआठशे फूट-पौंड असतात. योग्य गोळी, आडवं उभं छोट्या अंगाचं हरीण, फुफ्फुसावर नेम, तर हे पुरतं, मी दोनदा पाहिलंय. तिरपं उभं असेल, खांद्याच्या हाडातून जायचं असेल तर पुरत नाही, आणि तेव्हा गोळी झाडायची नाही. धनुष्याने शिकार करणारा माणूस याच्याहून जवळ जातो आणि दहातल्या आठ संधी सोडून देतो, त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही. मला वाटतं कार्बाइन घेऊन जाणाऱ्याने रायफलवाल्यासारखा विचार न करता धनुष्यवाल्यासारखा करावा.

सांजवारा
धाग्याबद्दल खूप धन्यवाद, मी याच सगळ्यात अडकलेय म्हणून विचारते. सासऱ्यांची कार्बाइन आमच्याकडे आली, विंचेस्टरची. मी नवऱ्याबरोबर रेंजवर जाते आणि गेल्या चार महिन्यांपासून काडतुसं भरायला शिकतेय, सीझनला डुकरांसाठी जायचंय. पहिल्या पन्नासात एकही अडचण नव्हती. दुसऱ्यांदा त्याच केस भरल्या तर दहाबारा वेळा असं झालं की ट्रिगर ओढला, टक आवाज आला, काही नाही. काढून पाहिलं तर प्रायमरवर (केसच्या बुडाची, ठिणगी देणारी टिकली) अगदी बारीक खूण. प्रायमर बदलून पाहिले, तेच. नवरा म्हणतो बंदुकीची स्प्रिंग गेली. स्प्रिंग मागवण्याआधी इथे विचारावं म्हटलं.

दगडफूल
ताई, स्प्रिंग मागवू नका अजून. आधी सांगा, दुसऱ्यांदा भरताना केस ट्रिम केल्या होत्या का?

सांजवारा
नाही हो, पहिल्यांदा नवीन केस होत्या आणि त्या बरोबर होत्या म्हणून दुसऱ्यांदा मोजल्याच नाहीत. एकदाच तर उडवल्या होत्या.

दगडफूल
मग बहुतेक तिथेच आहे. केस उडवली की आणि त्याहून जास्त रिसाइझ डायमधून ओढली की पितळ लांब होतं, आणि या काडतुसात ते सगळं पुढे तोंडाकडे जातं. केस लांब झाली, बोल्ट पूर्ण फिरला नाही, हॅमरचा जोर बोल्ट बंद करण्यात गेला आणि पिनपर्यंत उरला तो एवढासा. बारीक खूण त्यामुळे.

आता जे सांगतोय ते कृपया मनावर घ्या. हे नुसतं टक करून सोडून देण्यासारखं नाही. बंदूक नीट असेल तर अर्धवट लॉक झालेल्या बोल्टमध्ये पिन पुढे येऊ नये अशी रचना असते, पण ही सगळी बंदूक ऐंशी वर्षांची आहे, पिनची शेपटी किंवा रिसीव्हरचा (बंदुकीच्या मुख्य सांगाड्याचा) पिन अडवणारा भाग झिजलेला असेल तर काडतूस बोल्ट लॉक नसताना उडू शकतं आणि तो सगळा दाब तुमच्या चेहऱ्याकडे येतो. या काडतुसाचा कमाल दाब ४०,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. तेव्हा उरलेली काडतुसं उडवू नका, बाजूला ठेवा, आणि एकेक करून गोळी ओढून सुटी करा. आणि बंदूक एकदा चांगल्या गनस्मिथला दाखवा, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यातली जागा) गेजने मोजून घ्या.

खडकमाळ
दगडफूल यांच्याशी पूर्ण सहमत. आणि ताई, ट्रिगर ओढून काडतूस उडालं नाही तर लगेच बोल्ट मागे ओढायचा नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. कधी कधी उशिरा पेटतं.

निवडुंग
माझा प्रश्न शिशाच्या ओतीव गोळ्यांचा. घरी ओततो मी, पॉइंट थर्टी-एटसाठी. कार्बाइनमध्ये चालतात का? स्वस्त पडतं आणि सपाट तोंडाची गोळी डुकरावर चांगली बसते असं ऐकलंय.

दगडफूल
चालतात पण अटी आहेत. गोळीच्या बुडाशी तांब्याचा गॅस चेक (छोटी वाटी) पाहिजेच. या बंदुकीत बॅरलला खालून एक भोक आहे, त्यातून गॅस येऊन छोटा पिस्टन ढकलतो, तो पिस्टन लष्कराने असा बसवलाय की खास पान्याशिवाय निघत नाही आणि नट ठोकून पक्का केलेला असतो. मऊ शिसं त्या भोकात आणि पिस्टनमागे साचलं तर साफ करायला फार त्रास. म्हणूनच या काडतुसात पहिल्यापासून न गंजवणारे प्रायमर ठेवले होते, कारण सैनिक तो भाग उघडणारच नव्हता. कठीण मिश्रधातू, गॅस चेक, बॅरलच्या मापाप्रमाणे साइझिंग, एवढं केलं तर ११३ ते १२० ग्रेनची सपाट तोंडाची गोळी मी पाहिलीय चांगली जाताना. मात्र मोठ्या नराच्या खांद्यावर जाड चिवट पट्टा असतो, तिथे शिशाची मऊ गोळी आत जाण्याआधीच चपटी होते. तुमच्या पॉइंट थर्टी-एटचं मऊ शिसं इथे वापरू नका.

पायवाट
गोळीच्या निवडीवर माझंही थोडं. .३०८ व्यासाची ११० ग्रेनची गोळी दिसली की घेतली असं करू नका. त्यातल्या कित्येक मोठ्या रायफलीसाठी बनवलेल्या असतात, तीन हजार फुटांच्या वेगाला पसरायच्या. आपल्या १९०० फुटांना त्या पसरत नाहीत, मग परत माझ्या पहिल्या वर्षासारखं आरपार बारीक भोक. टोकदार असतील तर लांबीतही बसत नाहीत. मी हॉर्नडीची ११० ग्रेनची राउंड नोज सॉफ्ट पॉइंट वापरतो, ती या वेगाला उघडते. काही लोक स्पीअरची आखूड हॉलो पॉइंट वापरतात, ती फार लवकर उघडते, कोयोटीला (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी) उत्तम पण डुकराला मी घेणार नाही, आत पुरेशी जात नाही.

नवीन गोळी आणली की मी आधी पाण्याने भरलेले एकगॅलनी प्लास्टिकचे डबे ओळीने ठेवून ५० यार्डांवरून मारतो. कितव्या डब्यात थांबली आणि कशी दिसते ते बघतो. गोळी हातात घेऊन पाहिल्यावर जे कळतं ते कुठल्याही खोक्यावरच्या चित्रावरून कळत नाही.

निवडुंग
समजलं, मऊ शिसं बाद. पावडरबद्दल एक विचारू का, ग्रेन नाही विचारत. मी एच११० बद्दल वाचतोय, तीच घ्यावी का? आणि सुरुवातीला सावधगिरी म्हणून पावडर बरीच कमी टाकली तर चालेल ना?

दगडफूल
नाही, आणि हा प्रश्न विचारलात ते फार चांगलं झालं. एच११० आणि विंचेस्टर २९६ ही एकच पावडर दोन नावांनी मिळते, आणि या काडतुसाला अगदी जुळते, केस छान भरते. पण ती फार कमी टाकलेली चालत नाही. बनवणारेच सांगतात की दिलेल्या आकड्यापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त खाली जाऊ नका. खाली गेलात तर पेटणं अनियमित होतं, गोळी बॅरलमध्ये अडकू शकते, आणि तुम्हाला ते कळलं नाही आणि मागून दुसरी गेली तर बॅरल फुटतं. कमी म्हणजे सुरक्षित हा नियम सगळ्या पावडरींना लागू नाही. हळूहळू वर जायचं असेल तर आयएमआर ४२२७ सारखी पावडर बघा, तिच्यात थोडी मोकळीक असते, पण आकडे मॅन्युअलचेच.

एच११० चा एक फायदा आहे, केस इतकी भरते की चुकून दोनदा पडली तर बाहेर सांडते, लगेच दिसतं. तरी मी पन्नास केस ट्रेमध्ये उभ्या करून टॉर्चने प्रत्येकीत डोकावतो, सगळ्यांत पावडरची उंची सारखी दिसली की मगच गोळ्या बसवतो. भरताना फोन दुसऱ्या खोलीत.

मुक्कामपोस्ट
प्रायमरचंही सांगा कोणीतरी, या बंदुकीची पिन मोकळी असते ना?

दगडफूल
हो. पिनला मागे धरणारी स्प्रिंग नाही, बोल्ट जोरात पुढे गेला की पिन स्वतःच्या वजनाने प्रायमरला हलकी टेकते. म्हणून प्रायमर केसच्या बुडापेक्षा किंचित आत बसला पाहिजे, बोट फिरवलं तर खड्डा लागला पाहिजे, उंचवटा नाही. आणि सुटं काडतूस चेंबरमध्ये हाताने टाकून बोल्ट सोडायचा नाही, नेहमी मॅगझिनमधून भरायचं, म्हणजे बोल्टचा वेग थोडा मोडतो. घरी बसून भरलेलं काडतूस बंदुकीत बसतंय का बघायचं तर तेही करायचं नाही, त्यासाठी केस गेज नावाची छोटी नळी मिळते, तिच्यात टाकून बघा.

खडकमाळ
पायवाट, नेमाबद्दल काही. जुन्या साइटला दोन भोकं असतात, १५० आणि ३०० यार्डांची. तुम्ही ५० वर मारता तर गोळी वर लागते ना?

पायवाट
हो, १५० च्या भोकातून ५० यार्डांवर माझी दोन-तीन इंच वर लागायची. डुकराच्या काळजाची जागाच खाली, त्यात गोळी तीन इंच वर गेली तर काळीज चुकतं आणि जनावर पळतं. माझ्या बंदुकीवर नंतरची फिरवता येणारी साइट आहे, पण तीही शंभरच्या खाली येत नाही. म्हणून मी पुढची साइट जरा उंच पात्याची बसवून घेतली आणि ५० ला बरोबर मध्ये आणलं. मूळ पातं जपून ठेवलंय, तासलं नाही. ऐंशी वर्षं टिकलेल्या वस्तूवर कानस चालवायला मन होत नाही.

तुमच्याकडून एक ऐकायचंय, तुम्ही हलकी बंदूक म्हणून काय नेता?

खडकमाळ
पॉइंट थ्री फिफ्टी-सेव्हन मॅग्नमची लिव्हर ॲक्शन (हाताने दांडा ओढून काडतूस भरायची) कार्बाइन. वजन थोडं जास्त, पण १५८ ग्रेनची सॉफ्ट पॉइंट मी स्वतः भरतो, गोळी जड आणि जाड, ओहायोच्या नियमातही बसते. लिव्हरला गॅसची भानगड नाही त्यामुळे हलकं भरा, जड भरा, बंदूक चालतेच. तुमच्यासारखंच मीही ७५ च्या पलीकडे मारत नाही. आणि धनुष्यवाल्याची तुलना केलीत ती मी दोन दिवस डोक्यात घोळवली. हरणाबाबत माझं मत तेच आहे, पण वाद अंतराचा आणि संयमाचा आहे, बंदुकीचा तितका नाही, हे मान्य करतो.

पायवाट
आभारी आहे. अजून एक राहिलं. रानडुक्कर साफ करताना हातमोजे घालाच. ब्रुसेलोसिस त्यांच्या रक्तातून माणसाला होतो, हाताला छोटीशी चीर असली तरी पुरते. मी दोन जोड्या एकावर एक घालतो आणि मांस पूर्ण शिजवल्याशिवाय कोणाला देत नाही. आणि गोळी झाडल्यावर जनावर गेलं त्या दिशेला लगेच धावायचं नाही. जिथे उभं होतं ती जागा एखाद्या झाडाच्या खुणेने डोळ्यात धरून ठेवायची, घड्याळ लावून वीस मिनिटं बसायचं, मग त्या जागेपासून सुरुवात करायची. कार्बाइनच्या जखमेतून रक्त कमी पडतं, घाईत पायाखाली तुडवलं तर माग संपला.

सांजवारा
सगळ्यांना नमस्कार, दोन आठवड्यांनी परत आले. दगडफूलदादांनी सांगितलं तसं सगळी उरलेली काडतुसं सुटी केली, केस मोजल्या. पन्नासातल्या एकोणीस केस १.२९० च्या वर निघाल्या, सगळ्यात लांब १.२९८. बंदूक गनस्मिथकडे नेली, हेडस्पेस बरोबर आहे, पिनही नीट आहे म्हणाले, हॅमरची स्प्रिंग मात्र जुनी आहे म्हणून बदलून दिली, म्हणजे नवराही अगदीच चुकला नव्हता. मग सगळ्या केस १.२८५ ला ट्रिम केल्या, आतून बाहेरून कडा साफ केल्या, क्रिंप नखाने तपासला, केस गेजमध्ये एकेक टाकून पाहिलं.

काल रेंजवर चाळीस उडवल्या. एकही अडकली नाही. ५० यार्डांवर बसून, हात टेकवून पाच गोळ्या अडीच इंचात बसल्या, उभं राहून मात्र बशीएवढ्या जागेत. तेव्हा माझी मर्यादा मी सध्या ३० यार्ड धरलीय. केस गोळा करताना एक गवतात हरवली, एकोणचाळीस परत आणल्या, मोजायला घेतल्यात.

दगडफूल
शाब्बास ताई. ३० धरलीत तेच बरोबर. आणि या एकोणचाळीस वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर किती वेळा भरल्या ते लिहून.